हौद वर आला

गेल्या वर्षी आषाढ संपता संपता, एका दुपारी, आमच्या नव्या घराच्या पडवीखालचा पाण्याचा हौद जमिनीतून वर आला. हौद सिमेंट काँक्रीटचा होता आणि त्या वेळी रिकामा होता. वर येताना त्याने पडवीचा कोपऱ्यातला खांब उचलला. त्या बाजूची कौले सरकली आणि आईच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला. कोणाला इजा झाली नाही. घर वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या एका गावात, समुद्रापासून वाळूच्या टेकाडाआड आहे. आम्ही सोलापूरचे.

ते गाव माझ्या बायकोचे माहेर. लग्न ठरताना तिने मला एकच प्रश्न विचारला होता : नोकरी संपली की समुद्राकाठी राहायला याल का? मी हो म्हणालो. तेव्हा मी सोलापुरातल्या एका दैनिकात नुकताच उपसंपादक झालो होतो आणि नोकरी संपणे ही फार लांबची गोष्ट वाटत होती. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मे महिन्यात ती चादर ओली करून पिळायची आणि अंगावर घेऊन झोपायची. आई माळकरी असल्यामुळे घरात मासळी येत नव्हती. माहेराहून सुकी मासळी आली तर ती शेजारणीकडे ठेवायची, तिकडेच भाजायची आणि तिकडेच खायची. आईला हे माहीत होते. दोघींपैकी कोणीही ते बोलून दाखवले नाही.

मी निवृत्त झालो त्या महिन्यात तिने विषय काढला. तिच्या भावाने वडिलांच्या जागेतली एक लांबट पट्टी तिच्या नावावर करून दिली होती. अडचण आईची होती. मी एकुलता मुलगा. आई आली नाही तर मला जाता येणार नव्हते आणि मी गेलो नाही तर बायको तिथे एकटी राहणार होती. म्हणून घर तिघांना पटेल असे व्हायला हवे, असे आम्ही ठरवले. आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत आम्ही हेच सांगितले.

आर्किटेक्ट तिकडचीच, तरुण होती. तिने आधी जागा पाहायला एक पूर्ण पावसाळा मागून घेतला. पाणी कुठून वाहते, वारा कुठून लागतो, टेकाडावरची वाळू कुठे सरकते हे पाहिल्याशिवाय ती रेघ ओढणार नव्हती. त्या पावसाळ्यानंतर तिने सांगितलेले नियम असे होते. टेकाडाला हात लावायचा नाही. त्यावरची मर्यादवेल आणि केवडा काढायचा नाही, कारण वाळू त्यांनीच धरून ठेवली आहे. उंडीची झाडे जिथे आहेत तिथे राहतील, घर त्यांच्यामधून वाट काढेल. घराची अरुंद बाजू वाऱ्याकडे. भिंती जांभ्या दगडाच्या, छप्पर उतरते आणि कौलारू, वळचण इतकी खाली की झड भिंतीला लागू नये. लोखंड शक्यतो नाही, खारी हवा ते खाते.

बायकोला अंथरुणातून समुद्र दिसायला हवा होता. आर्किटेक्टने नकार दिला. पश्चिमेला मोठी खिडकी ठेवली तर पावसाळ्यात ती माडाच्या झापांनी बंदच करावी लागेल, असे ती म्हणाली. तिकडची जुनी माणसे समुद्राकडे पाठ करून घरे बांधत, हे बायकोला ठाऊक होते. तिचे वडीलही तसेच राहिले. तरीही तिला समुद्र दिसायला हवा होता. शेवटी पडवी दक्षिणेकडे लांबवली. तिच्या टोकाला बाकडे ठेवले, तर दोन उंडींच्या मधून पाण्याचा एक तुकडा दिसतो. बायकोने तेवढ्यावर समाधान मानले. मागच्या अंगणात तिच्यासाठी वेगळी चूल काढली, मासळीची. ती आईच्या स्वयंपाकघरापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. या चुलीबद्दल घरात एकदाच बोलणे झाले. आई नकाशावर बोट ठेवून म्हणाली, बरं झालं, पोरीला शेजारणीकडं जायला नको.

आईला नकाशा तेवढाच कळला. बाकी रेघांवरून तिला घर दिसेना. आर्किटेक्ट सोलापूरला आली तेव्हा तिने विचारले, मोकळी जागा कुठे आहे का. वळसंगला आमचे शेत आहे, ते चुलतभाऊ करतो. ज्वारी निघाली होती, रान मोकळे होते. पाया आखताना टाकतात तशी चुन्याची फक्की घेऊन आम्ही तिथे समुद्राकाठचे घर खऱ्या मापाने आखले. खोल्या, दारे, पडवी, मागची चूल, उंडीची झाडे सगळे काढले. झाडांच्या जागी आम्ही तुराट्या रोवल्या. पश्चिमेला जिथे टेकाड येणार तिथे आर्किटेक्टने ढेकळांची ओळ घातली.

चुलतभाऊ बांधावर उभा राहून पाहत होता. त्याने विचारले, "समुद्र कवा सोडणार हाय वळसंगात? म्हंजे ऊस तरी लावतो." दोन वाटसरू थांबले, हसले आणि गेले.

आई घरात शिरली ती दारातूनच. बायको आणि मी रेघा ओलांडून इकडून तिकडे जात होतो. आई एकदाही फक्कीवरून गेली नाही. या खोलीतून त्या खोलीत जाताना ती दाराच्या फटीतून वाकून जात होती, जणू वर चौकट होती. स्वयंपाकघरात ती पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. देवघराची जागा तिला बरी वाटली. माळवद नाही, म्हणजे सपाट छप्पर नाही, हे तिला आधीच सांगितले होते. मग कुरडया कुठे वाळवायच्या, हा तिचा प्रश्न होता. अंगणात, असे उत्तर तिने मान्य केले. तिला भिंती जाड आणि खिडक्या लहान हव्या होत्या, कारण आमच्याकडे घर म्हणजे उन्हापासून आडोसा. तिथे हवा खेळली नाही तर कपड्यांना बुरशी येते, असे बायकोने सांगितल्यावर तिने खिडक्याही मोठ्या होऊ दिल्या.

मग ती सगळ्या घरातून फिरून पुन्हा दारात आली आणि म्हणाली, "समदं बरं हाय. हौद कुटं हाय?"

हौद नव्हता. सोलापूरच्या वाचकाला हे वाक्य पुरेसे आहे. इतरांसाठी सांगतो. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. घर बांधणारा माणूस आधी हौद बांधतो आणि त्यावर घर. पाणी येणार त्या दिवशी लग्नकार्य असले तरी एक माणूस घरी थांबतो. आईचे सगळे आयुष्य या पाण्याच्या बेताने गेले. वळसंगात ती आडावरून पाणी शेंदत होती, शहरात आल्यावर नळाची वाट पाहू लागली. हौद भरलेला असला की ती शांत झोपते.

आर्किटेक्टने समजावले की जागेत विहीर आहे, बारमाही आहे, पाणी गोड आहे. पाण्याची टाकी वर बांधू. आईने विचारले की वीज गेली तर वरच्या टाकीत पाणी कोण चढवणार. आर्किटेक्ट म्हणाली, विहिरीला रहाट राहीलच. आई म्हणाली की या वयात ती रहाट ओढणार नाही आणि सुनेलाही ओढू देणार नाही.

हा वाद पुढे बरेच महिने चालला. मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, हे फोनवर कळले तेव्हा तो हसत सुटला. "भावोजी, हयसर फावड्यान खणल्यार पाणी गावता. हौद कित्याक व्हयो? घरात उंट बांधूचो आसा काय?" मी हे आईला सांगितले नाही. बायकोने सांगितले. आईचे उत्तर असे होते की, ज्याच्या दारात पाणी आहे त्याला पाण्याची किंमत नसते. त्याला म्हणावं सोलापूरला ये आणि एक उन्हाळा काढ. हौद नसेल तर ती येणार नाही, हे तिने रागावून सांगितले नाही. जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणावे तसे सांगितले.

बायकोने आर्किटेक्टला फोन केला आणि हौद घाला म्हणाली. मी तेव्हा समोर बसलो होतो.

आर्किटेक्टने हौद घातला. आईच्या सोयीसाठी तो स्वयंपाकघराजवळ, पडवीच्या कोपऱ्याखाली आला. आर्किटेक्टने एक अट घातली. तिथे पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी फार वर येते, त्यामुळे हौद कधीही रिकामा ठेवायचा नाही. निम्मा तरी भरलेला हवा. तिने हे मला सांगितले, बायकोला सांगितले आणि आईसमोर बसून आईलाही सांगितले. आईला ते नवल वाटले. "हौद रिकामा कोण ठेवतं व्हय?" ती म्हणाली. त्या वेळी खोलीत असलेल्या आम्हा सगळ्यांना हे उत्तर पुरेसे वाटले.

बांधकामाला दोन हिवाळे गेले. सोलापूरहून तिकडे जायचे म्हणजे सांगली, कोल्हापूर, मग घाट. दर खेपेला एक दिवस जाण्यात आणि एक दिवस येण्यात जायचा. पाठ धरायची. चिऱ्यांची गाडी आली नाही, सुतार गणपतीला गेला तो परत आला नाही, कौले आली ती निम्मी फुटलेली, असे काही ना काही असायचेच. मी काम पाहायचो, फोटो काढायचो आणि परत यायचो. बायको प्रत्येक खेपेला दोन दिवस जास्त राहायची. घर पुरे झाले तेव्हा समुद्रावरून पाहिले तर ते दिसत नव्हते. टेकाड, केवडा, वर उंडी आणि त्यामध्ये कौलांची एक रेघ दिसायची, तीही माहीत असेल तर. आर्किटेक्टला हेच हवे होते.

त्या वर्षी उन्हाळा संपताना आम्ही तिघे राहायला गेलो. आईने पहिल्या दिवशी हौद भरून घेतला, झाकण उघडून आत पाहिले आणि झाकण लावले. पाऊस सुरू झाला. असा पाऊस तिने कधी पाहिला नव्हता. दिवसभर ती पडवीत बसून राहायची. एकदा मला म्हणाली, एवढं पाणी वाया चाललंय, बघवत न्हाय. बायको मागच्या चुलीवर बांगडे भाजायची आणि हात धुऊन पुढे आली की दोघी एकत्र चहा घ्यायच्या. बायकोची झोप वाढली होती. हे मी नोंदवतो, कारण सोलापुरात ती पहाटेच उठत असे.

आमच्या घरी श्रावण लागायच्या आधी हौद धुवायचा रिवाज आहे. वर्षभराचा गाळ काढायचा, भिंती काथ्याने घासायच्या आणि नव्या पाण्याने हौद भरायचा. त्याच पाण्याने श्रावणाचा पहिला स्वयंपाक करायचा. हे काम ज्या दिवशी पाणी येणार त्याच दिवशी सकाळी करतात, म्हणजे हौद कोरडा राहत नाही. धुणे आणि रिकामा ठेवणे या आईच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तिकडे तर पाणी विहिरीतून हवे तेव्हा घेता येत होते. तिला अडचण दिसली नाही.

त्या दिवशी सकाळी मी बाजाराला गेलो होतो. बायको भावाकडे गेली होती. ते घर हाकेच्या अंतरावर आहे. पाऊस काही दिवस थांबला नव्हता. आईने मोटार लावून हौदातले पाणी माडांना सोडले. हौद तळापर्यंत उपसला गेला. हौद नवा, गाळ फारसा नाही, म्हणून घासायच्या ऐवजी एकदा विसळून घेऊ आणि लगेच भरू, असा तिचा बेत होता. विहिरीची मोटार लावायला ती उठली तेव्हा वीज गेली. पावसाळ्यात तिकडे वीज जाते. ती येईल म्हणून आई पडवीत वाती वळत बसली.

पुढचे आईने सांगितले तसे. आधी फरशी वाजली. मग खांबाशी ठेवलेला तांब्या कलंडला आणि घरंगळत उंबऱ्यापाशी आला. तिने तांब्या उचलला, परत खांबाशी ठेवला. तो पुन्हा घरंगळत आला. मग वरून कौले सरकू लागली. तिला वाटले भूकंप आहे. त्र्याण्णव सालच्या भूकंपापासून, भूकंपात काय करायचे हे आमच्याकडे तिच्या वयाच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती तांब्या घेऊन भर पावसात अंगणात मध्यभागी जाऊन उभी राहिली, कुठल्याही झाडाखाली नाही.

बायको आली तेव्हा आई तशीच उभी होती. मी आलो तेव्हा ती मेहुण्याच्या घरी कोरडे लुगडे नेसून बसली होती आणि मेहुणा आमच्या अंगणात उभा होता. हौदाची कड फरशी फोडून गुडघ्याएवढी वर आली होती. तिला वाळू आणि मुळे चिकटलेली होती. मेहुणा म्हणाला, "भावोजी, तुमच्या हौदाची व्हडी झाली."

आर्किटेक्ट दुसऱ्या दिवशी आली. रिकाम्या हौदाला खालच्या पाण्याने उचलले, हे तिने आम्हाला समजावले. भरलेला असता तर जागेवर राहिला असता. आता तो खाली बसणार नाही, कारण त्याच्या तळाखाली वाळू भरली आहे. पाऊस संपला की तो फोडून काढावा लागेल. तोवर त्यात पाणी सोडून ठेवा, म्हणजे आणखी वर येणार नाही. खांबाला टेकू दिले. घर पडणार नाही, भिंतीचा तडा भरता येईल, असे तिने लिहूनही दिले. आईने तिला विचारले, चूक माझी का. ती म्हणाली की हौद तिथे घ्यायला नको होता, आणि तो तिने स्वतःच नकाशात घेतला होता.

आई घरात परत आली नाही. मेहुण्याच्या घरी ती नुसता भात, ताक आणि खोबरे खात होती. मासळीच्या घरातले पाणी ती पिते का, हे पाहायला बायकोची वहिनी दाराआडून बघायची. आई ते पाणी प्यायली. तीन जणांनी तिला समजावले. तिने सगळ्यांचे ऐकून घेतले. मग मला म्हणाली, "आमच्याकडं पाणी वरनं येतं. आलं न्हाई तर न्हाई. हितं खालनं येतंय आन् घर उचलतंय. मी न्हाय निजायची त्या घरात. मला सोलापूरला सोड."

मी बायकोला हे सांगितले तेव्हा ती पडवीच्या टोकाच्या बाकड्यावर बसली होती. तेवढा भाग जागेवर होता. ती म्हणाली, "तुम्ही आईंना घेऊन जा. मी येत नाही."

किती दिवस, असे मी विचारले.

"मी येत नाही म्हटलं," ती म्हणाली. आवाज वाढवला नाही. मग तिने विचारले की आईंची औषधे कुठल्या पिशवीत ठेवू.

घाट चढताना आई झोपली. कोल्हापूरच्या पुढे पाऊस संपला. मिरजेपासून आभाळ कोरडे होते. सोलापूरच्या घरी पोहोचल्यावर तिने चपला काढायच्या आधी हौदाचे झाकण उघडून पाहिले. शेजाऱ्यांनी तो भरून ठेवला होता.

दिवाळीनंतर तिकडचा हौद फोडला. मी तेव्हा तिथे होतो. काँक्रीटचे तुकडे बैलगाडीने नेले आणि खड्डा त्याच जागेच्या वाळूने भरला. टेकाडाची वाळू घेतली नाही. नवा खांब बसला, कौले बसली. तडा भरला आहे, पण रंगात फरक दिसतो. केवड्याला काही झालेले नाही.

आता मी महिन्यातून एकदा जातो आणि चार-पाच दिवसांनी परत येतो. प्रवास तोच आहे, पाठही तीच आहे. बायको एकदाही सोलापूरला आलेली नाही. मी रोज बायकोला फोन लावतो तेव्हा आई शेजारून विचारते, तिने खाल्लं का, एकटी निजते का, भाऊ येतो का. बायको उत्तरे देते. आई म्हणते, तिला म्हणावं ये की. बायको म्हणते, आईंना म्हणावं या. हे दोन्ही निरोप मी जसेच्या तसे पोहोचवतो.

गेल्या आठवड्यात आर्किटेक्टचा नवा नकाशा आला. तो बायकोने करून घेतला आहे. त्यात हौद नाही. आईची खोली आहे. ती विहिरीपासून लांब, उत्तरेकडे नेली आहे आणि तिचे जोते बाकी घरापेक्षा उंच दाखवले आहे. खोलीला माळवदासारखे सपाट छप्पर नाही, पण खिडक्या लहान केल्या आहेत.

नकाशा टेबलावर आहे. आईने तो अजून पाहिलेला नाही. आज सकाळी नळाला पाणी आले. हौद भरला आणि आईने झाकण लावले.